कोल्हापूरहून चार दिवस: किनाऱ्यावरच्या फिरंगी-साहेबी खुणा किती आणि कशा पाहाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मिळतात, गाडी स्वतःची आहे, बरोबर सत्तरीच्या आई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, दोन मुलं आहेत, एक सातवीत आणि एक तिसरीत. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसपासून विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, तेरेखोल करत पणजीपर्यंत इंग्रज, डच आणि पोर्तुगीज काळातली ठिकाणं बघायची आहेत. आईंसाठी वाटेत बागा हव्यात. कसं बसवावं?

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत पंचवीस वर्षं इतिहास शिकवला. शाळेत असल्यापासून आजपर्यंत मुलांच्या, शिक्षकांच्या आणि आता ज्येष्ठांच्या सहली घाट उतरून कोकणात नेते आहे. त्या अनुभवावरून सांगते, ही सगळी यादी चार दिवसांत उरकता येते, पण तसं करू नका. गाडीच्या काचेतून समुद्र दिसेल, प्रत्येक ठिकाणी दारात फोटो निघेल आणि चौथ्या दिवशी आई म्हणतील, सगळे किल्ले सारखेच होते गं बाई. दोन्ही टोकं सोडा. माझा सल्ला आहे की या खेपेला रत्नागिरीही नको आणि पणजीही नको. मधला पट्टा धरा: विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, तेरेखोल, सावंतवाडी आणि आंबोलीवरून परत. रत्नागिरीला दोन दिवस वेगळे काढा. ते का, हे पुढं सांगते.

पण किनाऱ्याला जाण्याआधी एक सकाळ कोल्हापुरातच काढा. याबद्दल मी आग्रही आहे, माझ्या प्रत्येक सहलीची सुरुवात टाऊन हॉलपासूनच होते. आपण रोज त्याच्यावरून जातो आणि मान वर करून बघत नाही. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ही इमारत मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याची. न्यू पॅलेसही त्याचाच, आणि समोरचं सीपीआर, म्हणजे मूळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तेही त्याचंच. तीन इमारती, एक हात. टाऊन हॉलच्या बागेत आईंना झाडाखाली बसवा आणि मुलांना घेऊन आतल्या वस्तुसंग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा मिळालेल्या वस्तू तिथं आहेत. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभर उंचीची काशाची मूर्ती मुलांना आवर्जून दाखवा. पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव काय करत होता? तर इथला माल घाट उतरून बंदरावर जात होता आणि बंदरावरून रोमन जगातल्या वस्तू घाट चढून इथं येत होत्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. समुद्राशी आपलं नातं गोऱ्या साहेबाच्या आधीचं आहे, एवढं मुलांच्या डोक्यात बसलं की पुढचे चार दिवस त्यांना वेगळे दिसतात.

तिथून चालत चिमासाहेब चौकात या. १८५७ च्या उठावानंतर तेव्हाच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांना इंग्रजांनी कोल्हापुरातून हलवलं आणि समुद्रमार्गे कराचीला नेऊन ठेवलं. ते परत आले नाहीत, तिथंच वारले. आणि न्यू पॅलेस ज्यांच्या कारकिर्दीत उभा राहत होता, ते चौथे शिवाजी महाराज? त्यांना वेडं ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. म्हणजे साहेबानं शहरात देखणे मनोरे उभे केले त्याच वर्षांत शहराचा राजा कैदेत होता. या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच सकाळी कळल्या पाहिजेत. मग किनाऱ्यावर कुठलीही जुनी इमारत पाहिली की ती आपणहून विचारतात: हे कुणी बांधलं, कशासाठी, आणि तेव्हा इथल्या माणसांचं काय झालं? मला सहलीतून एवढंच हवं असतं.

आता प्रवास. पहिल्या दिवशी सहाला निघा, गगनबावड्याला चहा-नाष्टा करा आणि घाट उतरा. गगनबावड्यातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. कुठला चालू आहे आणि कुठल्याचं काम निघालंय, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. पावसाळ्यानंतर दरडी आणि दुरुस्त्या असतातच. घाट उतरल्यावर एखाद्या चिरेखाणीपाशी गाडी थांबवा. मुलांना जांभ्याचा तो तांबडा चिरा हातात घ्यायला सांगा. आपल्याकडचा काळा पाषाण घासला की आरशासारखा होतो, न्यू पॅलेसच्या भिंतींना हात लावून आलेली मुलं हे लगेच सांगतात. जांभा तसा नाही. खाणीत असताना तो मऊ असतो, हत्यारानं कापता येतो, आणि वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. इथून तेरेखोलपर्यंत डचांची वखार असो, सावंतवाडीचा वाडा असो की पोर्तुगीजांचं चर्च, सगळ्यांचं अंग याच दगडाचं.

तळेऱ्यावरून विजयदुर्ग. हा किल्ला मूळचा शिलाहार भोजाचा मानतात, म्हणजे ज्या राजाची राजधानी आपल्या पन्हाळ्यावर होती त्याचाच. पुढं शिवाजी महाराजांनी तो बळकट केला, नंतर आंग्र्यांचं आरमार इथं नांदलं. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये काय झालं, ते मुलांना तटावर उभं करून सांगा. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. समुद्रावरून अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं आली, सैन्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. खाडीत नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. मराठी आरमाराचा कणा आपल्याच लोकांच्या मदतीनं मोडला. त्याच वर्षी इंग्रजांनी किल्ला पेशव्यांना देऊन बदल्यात बाणकोट घेतलं. आणि पुढच्या वर्षी, जून १७५७ मध्ये, हाच क्लाइव्ह प्लासीला होता. मी हा प्रसंग सांगते तेव्हा दरवेळी गटात थोडा वेळ कुणी बोलत नाही. सातवीच्या पुस्तकात प्लासी वाचलेलं असतं, पण तो माणूस आपल्या घाटाखालच्या खाडीत येऊन गेला होता, हे कुणी सांगितलेलं नसतं.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवतात. तुम्हाला सांगतील की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञानं इथून हेलियम शोधला. ही गोष्ट मी स्वतः दहा-बारा वर्षं जशीच्या तशी मुलांना सांगत आले. मग एका सहलीत एका पालकानं विचारलं की लॉकयर त्या दिवशी इथं होता याला आधार काय? घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि इंग्रजांचा एक गट आपल्या शेजारच्या जमखंडीला होता, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांचा. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा वर्णपटात दिसतात, हे लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच दाखवलं. त्या प्रकाशातल्या पिवळ्या रेषेवरून हेलियम हे नाव आलं, आणि पृथ्वीवर तो वायू रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडला.

मग लॉकयर विजयदुर्गला आलेच नाहीत का? आले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला आले, तंबू ठोकून राहिले, आणि मेल्पोमेनी या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांनी त्यांना यंत्रं उभारायला आणि निरीक्षणं घ्यायला मदत केली. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला दुर्बिणी मांडल्या होत्या. माझ्या मते कट्टे त्या १८९८ च्या मुक्कामाचे आहेत आणि लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एकात एक मिसळली. तिथं गेलात की स्थानिक माणसाशी वाद घालू नका, त्याचा अभिमान खोटा नाही, या किल्ल्यावरून खरोखरच मोठं निरीक्षण झालं. मुलांना मात्र दोन्ही तारखा सांगा. खरी गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा कमी रंजक नाही, हे त्यांना लहानपणीच कळू दे.

आईंचं इथं कसं? दरवाजापर्यंतची वाट त्यांना हळूहळू जमेल, आतली चढण आणि तटावरच्या पायऱ्या नकोत. पायऱ्या उंच आहेत, पावसाळ्यानंतर शेवाळ असतं आणि कठडा सगळीकडे नाही. त्यांना बंदराजवळ सावलीत बसवा, खाडीतली होड्यांची ये-जा बघण्यात तासभर सहज जातो. दोघांपैकी एकानं मुलांबरोबर जावं, एकानं आईंजवळ थांबावं, आणि पुढच्या ठिकाणी अदलाबदल करावी. एकट्या बसलेल्या माणसाला आपण ओझं झालो असं वाटू लागलं की त्यांची सहल तिथंच संपते. हे मी ज्येष्ठांच्या गटात फार जवळून पाहिलंय.

मुक्काम मालवणला. दिवाळीत खोल्या मिळत नाहीत, महिनाभर आधी ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पुढं हा किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे होता, हे किती कोल्हापूरकरांना ठाऊक आहे? इथल्या गलबतांनी इंग्रजांच्या व्यापाराला इतकं जेरीस आणलं होतं की त्यांच्या दप्तरात समुद्री लुटारूंना ‘मालवाण’ असं नावच पडलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी हल्ला करून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘फोर्ट ऑगस्टस’. त्याच मोहिमेत सावंतवाडीच्या सावंतांचा रेडीचा किल्लाही घेतला. महाराजांच्या हाता-पायाचे ठसे असलेला किल्ला, आणि नाव फोर्ट ऑगस्टस! कोल्हापूरच्या जिजाबाई राणीसाहेबांच्या (या महाराजांच्या आई नव्हेत) कारभारात कोल्हापूरनं मोठी रक्कम देऊन तो सोडवून घेतला. पुढं १८१२ च्या तहात मात्र मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे सगळं कोल्हापूरच्या हातून कायमचं गेलं. मालवणच्या जेटीवर उभं राहून समोर बोट दाखवत ही नावं मोजा. एका कागदावर कोल्हापूरचा समुद्र संपला. त्याच वर्षी वेंगुर्लाही सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेलं.

होडीत चढता-उतरताना आईंना दोघांनी धरावं लागेल, आणि लाटा असतील तर मी म्हणेन त्यांनी जेटीवरच थांबावं. ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंदच असतात. दिवाळीत त्या सुरू असतात, पण समुद्रात हवामान बिघडलं की त्या दिवसापुरत्या थांबवतात. एकदा आमचे बेचाळीस जण जेटीवर तीन तास ताटकळले आणि मी हट्टानं पुढचं सगळं वेळापत्रक मोडलं. आता होडी नाही म्हटलं की मी गट घेऊन सरळ पुढं निघते. तुम्हीही तसंच करा.

दुपारी मासे जेवून वेंगुर्ला. या सगळ्या पट्ट्यात माझं सर्वांत आवडतं ठिकाण इथं आहे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे: डच वखार.

पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते. डचांना मसाल्याचा व्यापार त्यांच्या हातून काढून घ्यायचा होता. त्यासाठी डच जहाजं वर्षानुवर्षं गोव्याच्या खाडीच्या तोंडाशी नाकेबंदी करून उभी राहायची. या जहाजांना पाणी, तांदूळ, मांस, लाकूड कुठून मिळणार? गोव्याच्या उशाशी असलेलं, पण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरचं, आदिलशाहीतलं बंदर म्हणजे वेंगुर्ला. म्हणून १६३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इथं बस्तान बसवलं. पाव शतकाहून जास्त काळ वखार भरात होती, शतक संपता संपता त्यांनी इथून गाशा गुंडाळला. पुढं इमारत इंग्रजांकडे आली.

कितीतरी वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलींना घेऊन तिथं गेले होते. छप्पर नव्हतं. एका खिडकीच्या कमानीतून पिंपळाची मुळं अशी उतरली होती की कमान त्या मुळांनीच धरून ठेवल्यासारखी वाटत होती. एका मुलीनं भिंतीच्या सांध्यात बोट घातलं आणि चुन्यातून शिंपल्याचा तुकडा काढून दाखवला. दुसरी भिंतीच्या जाडीला हात पसरून मोजत होती, दोन्ही हात पुरेनात. ती म्हणाली, ‘‘बाई, हे व्यापारीच होते ना? मग एवढी भिंत कशाला?’’ मी पंचवीस वर्षं युरोपीय कंपन्यांचा धडा शिकवला, पण तो धडा त्या एका प्रश्नात जेवढा मावला तेवढा माझ्या कुठल्याच तासाला मावला नाही. खाली गोदाम, वर राहायची दालनं, आणि भोवती तटासारख्या भिंती. तराजू आणि तोफ एका छपराखाली. मुलांना वखारीत नेलंत तर तुम्ही काही सांगू नका. त्यांना भिंत मोजू द्या, प्रश्न येऊ द्या.

काळजी मात्र घ्या. पावसाळ्यानंतर आत गवत कमरेएवढं असतं, साप असू शकतात, सुटलेल्या चिऱ्यांखाली थांबू नका, भिंतींवर मुलांना चढू देऊ नका. बूट घाला, काठीनं गवत हलवत चाला. आईंनी बाहेरूनच पाहावं. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांनी आधीच पुष्कळ नासधूस केली आहे, आपली मुलं त्यात भर घालणार नाहीत एवढं बघा.

वेंगुर्ल्यात आईंसाठी फळ संशोधन केंद्राचा परिसर आहे. १९५७ पासूनचं हे केंद्र, काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती इथल्याच. आत जायचं तर आधी परवानगी विचारा, ती रोपवाटिका आणि प्रयोगाची बाग आहे, सहलीचं उद्यान नाही. पण बागेची आवड असलेल्या माणसाला शोभेच्या ताटव्यापेक्षा हे जास्त भावतं. आणि वसाहतींचा इतिहास इथं झाडांवर लटकतो. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. अननस, पपई, पेरू, मिरची, बटाटा, सगळी त्याच वाटेनं आलेली मंडळी. हापूस या नावातही ‘अफोन्सो’ हे पोर्तुगीज नाव लपलंय. कलम बांधायची कला पोर्तुगीजांनी इथं रुजवली म्हणून एका झाडासारखं दुसरं झाड करता आलं.

यावरून गाडीतला एक खेळ सांगते, माझ्या सहलीत तो हटकून होतो. मराठीतले पोर्तुगीज शब्द शोधायचे. चावी, पगार, साबण, बादली, घमेलं, फीत, बिजागरी, परात, पाव, कोबी, तंबाखू, इस्त्री. आणि तुरुंग! तिसरीतल्या मुलालासुद्धा यात मजा येते, आणि आजी तर हमखास जिंकतात, कारण स्वयंपाकघरातले शब्द त्यांच्याकडे जास्त.

तिसरा दिवस वेंगुर्ल्याहून दक्षिणेला. शिरोड्याची मिठागरं चुकवू नका. मे १९३० मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला, कोकणातला मोठा लढा. दिवाळीत आगरात मीठ दिसणार नाही, मीठ पडतं ते उन्हाळ्यात, तेव्हा नुसते पाण्याचे चौकोन आणि बांध दिसतील. तरी थांबा. ज्या सरकारनं दगडी मनोरे बांधले त्याच सरकारनं या खाऱ्या पाण्यावर कर बसवला होता, हे इथं सांगता येतं. पुढं रेडीचा यशवंतगड झाडीत बुडालेला आहे, वेळ असेल तर बाहेरून बघा. मग तेरेखोल. सावंतांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तो १९६१ पर्यंत सोडला नाही. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. किल्ला लहान, गाडी जवळ जाते, आईंना इथं उतरायला हरकत नाही. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीसाठी इथं तिरंगा घेऊन आलेल्या हिरवे गुरुजींना पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्यांचं स्मरण करूनच परता. मुक्काम सावंतवाडी.

पणजी इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून मोह होईल. आवरा. जुन्या गोव्याची चर्चं, फोंतेन्यासच्या गल्ल्या, आग्वादच्या तुरुंगातलं स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय याला स्वतंत्र दोन दिवस लागतात, आणि दिवाळीत तिथली गर्दी आईंना झेपणार नाही. पुढं कधी गेलात तर पणजीच्या जुन्या चर्चजवळचं गार्सिया द ओर्ता उद्यान त्यांना नक्की दाखवा. सोळाव्या शतकात गोव्यात राहून इथल्या वैद्यांकडून औषधी झाडं समजून घेणाऱ्या पोर्तुगीज वैद्याचं नाव त्या बागेला आहे.

चौथ्या दिवशी सकाळी सावंतवाडीचा राजवाडा आणि मोती तलाव. आईंचा दिवस हा. तलाव १८७४ चा, भोवती सपाट फिरायची वाट, बसायला जागा, काठाला उद्यान. वाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले असतात. दशावतारी गंजिफाचे एकशेवीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते. ही कला विझत आली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुन्हा जिवंत केली. एका पत्त्यावर केसाएवढी रेघ ओढताना बघायला मुलं श्वास रोखून उभी राहतात. चितारआळीतून लाकडी खेळणी घ्या, भोपळा, केळी, वांगी असा लाकडी भाज्यांचा संच आईंनाही आवडेल.

मग आंबोली. तुम्ही ज्या रस्त्यानं चढाल तो वेंगुर्ला बंदर ते बेळगाव हा इंग्रजांच्या काळातला रस्ता. बेळगावच्या छावणीचा माल या वाटेनं जायचा, आणि त्यामुळंच आंबोली साहेबाचं थंड हवेचं ठिकाण झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धबधबे बारीक झालेले असतात, वेळ घालवू नका, हिरण्यकेशी नदीच्या उगमाला जाऊन या. आजरा, उत्तूर, निपाणीवरून अंधाराआधी कोल्हापूर. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या.

आता रत्नागिरी वेगळी का, ते सांगते. थिबा पॅलेस ही अर्ध्या तासात उरकायची जागा नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि मंडालेचा राजा थिबा याला राणी आणि लहान मुलींसह उचलून आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत ठेवल्यावर १९१० मध्ये त्याला हा जांभ्याचा, उतरत्या छपरांचा, रंगीत काचांच्या खिडक्यांचा वाडा मिळाला. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथंच वारला. मंडाले त्यानं परत पाहिलं नाही. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथल्याच गरीब माणसांत राहिली आणि २००० साली इथंच गेली.

आणि वाड्यापासून थोड्याच अंतरावर टिळक आळी. २३ जुलै १८५६ ला टिळक तिथं जन्मले. १९०८ मध्ये सरकारनं त्यांना कुठं पाठवलं? मंडालेला. सहा वर्षं रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेलं होतं. ज्याला जिथं कुणी ओळखत नाही तिथं नेऊन टाकायचं, ही रीत. चिमासाहेब कराचीला, चौथे शिवाजी नगरला. चिमासाहेब चौकातून निघालेल्या माणसाला थिबाच्या रिकाम्या दालनात उभं राहिल्यावर वाडा बघितल्यासारखं वाटत नाही, घरच्याच कुणाची कोठडी बघितल्यासारखं वाटतं. म्हणून तिथं निदान दोन तास हवेत, आणि सकाळी टिळकांचं घर, दुपारनंतर वाडा असा क्रम हवा. संध्याकाळी थिबा पॉइंटच्या बागेत आईंना घेऊन बसा. खाली भाट्याची खाडी, समोर सूर्यास्त, आणि चढउतार जवळपास नाही. दुसऱ्या दिवशी थिबाचं थडगं आणि सावरकरांच्या रत्नागिरीतल्या वर्षांशी जोडलेलं पतितपावन मंदिर करून आंबा घाटानं परत. डिसेंबर-जानेवारीतला कुठलाही शनिवार-रविवार याला पुरतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. टाऊन हॉलचं आणि थिबा पॅलेसचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. मी एकदा सोमवारी पन्नास मुलींना घेऊन कुलपासमोर उभी राहिले होते, त्यांचे पडलेले चेहरे अजून आठवतात. लक्ष्मीपूजन आणि पाडव्यालाही आधी फोन करून विचारा. सकाळी साडेआठ ते अकरा आणि दुपारी चारनंतरच उघड्यावर फिरा, मधल्या वेळचं ऑक्टोबरचं ऊन आणि दमटपणा घाटावरच्या माणसाला पटकन थकवतो. पाण्यात मीठ-साखर घालून बाटल्या भरा. आईंसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका, किल्ल्यांच्या बाहेर बसायला दगडाशिवाय काही नसतं. स्वच्छतागृहाची सोय पेट्रोल पंपावर किंवा जेवणाच्या ठिकाणीच करून घ्या, वखार आणि मिठागरापाशी ती नाही. घाटात रात्री गाडी घालू नका, करूळला आणि आंबोलीला धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही.